बाणस्तारी–फोंडा रस्त्यावरचं फळ्यांच्या दाराचं हॉटेल

पणजीहून फोंड्याला जाताना बाणस्तारीचा पूल ओलांडला की भोम, कुंडई, मंगेशी, म्हार्दोळ, फर्मागुढी अशी गावं एकामागून एक लागतात. याच रस्त्याला लागून चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जाड भिंतींचं आणि मंगळुरी कौलांचं एक भाजीपावाचं हॉटेल आहे. मालकांनी विनंती केली म्हणून नाव लिहीत नाही. पण दाराला शटर नसून आकडे घातलेल्या लाकडी फळ्या दिसल्या की गाडी थांबवा. इतकं जुनं, इतकं धडधाकट आणि रोज चालणारं दुसरं रस्त्याकडेचं हॉटेल मला आमच्या तालुक्यात माहीत नाही.

मी बांधकामाची इंजिनिअर, फोंड्याची. जुनी घरं आणि देवळांच्या अग्रशाळा (भक्तांच्या उतरायच्या खोल्या) यांच्या दुरुस्तीची कामं घेते. फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होते तेव्हापासून या हॉटेलात पातळ भाजी खात आले आहे, त्यामुळं हा अभिप्राय निम्मा भाजीबद्दल आणि निम्म्याहून जास्त इमारतीबद्दल होणार. इथल्या कुठल्याही कामाशी धंद्याच्या नात्यानं माझा संबंध नाही, हे आधीच सांगते.

दारापासून सुरुवात करू. उंबऱ्यात एक खाच, वरच्या तुळईत एक खाच, आणि त्या दोन खाचांत उभ्या सरकवायच्या अकरा फळ्या. प्रत्येकीवर डांबरानं आकडा घातलेला. सकाळी मालकांचा पुतण्या अकरापासून उलट एकेक फळी काढतो आणि आतल्या भिंतीला त्याच क्रमानं टेकवून ठेवतो. क्रम चुकला तर रात्री दार बसत नाही, कारण इतक्या वर्षांत प्रत्येक फळी शेजारच्या फळीच्या कडेप्रमाणं झिजत गेली आहे. दहा फळ्या सागवानी आहेत आणि सात नंबरची फणसाची. वाळवीनं एक फळी खाल्ली तर एकच बदलली. शटर बसवायचं तर त्याच्या गुंडाळीचं खोकं मावण्यासाठी तुळई आणि तिच्यावरचे रंगीत काचांचे झरोके काढावे लागले असते. मालकांनी ते होऊ दिलं नाही. सकाळी पूर्वेचं ऊन त्या झरोक्यांतून आत येतं तेव्हा गल्ल्यावरच्या बरण्यांवर लाल-हिरवे चौकोन पडतात.

पुढं पडवी आहे. चिऱ्यांचे गोल खांब, दोन्ही बाजूंना सोपे, म्हणजे बसायची बांधीव बाकं, खाली लाल कोबा. या पडवीकडे पाहिलं की रस्त्याचा सगळा इतिहास कळतो. मालकांच्या आईला आठवतं की पूर्वी चार पायऱ्या चढून पडवीत यावं लागे. आता एकच पायरी उरली आहे आणि तीही अर्धी. बाकीच्या रस्त्याखाली गेल्या. जुना थर खरवडून न काढता त्याच्यावरच नवा थर घालत गेलं की रस्ता दर खेपेला दोन-तीन इंचांनी वर येतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो सगळा मग रस्त्यावरून उतरून कडेच्या घरांत आणि दुकानांत शिरतो.

अशा वेळी बहुतेक लोक आतली जमीन वर उचलतात. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी घरांचा घात यानंच झाला. जमीन वर आली की खिडक्या गुडघ्याला लागतात, सोप्यावर बसलं तर पाय मुडपून घ्यावे लागतात, दारं कापावी लागतात, आणि भिंतीचा जो भाग कोरडा होता तो ओलीत जातो. इथं तसं केलेलं नाही. सोप्याच्या बाहेरून चिऱ्यांचं खोल गटार खणलं, त्याला बाजूच्या मोरीकडे नीट उतार दिला, आणि पावसाळ्यापुरता उंबऱ्यापुढं लावायचा एक काढता चिरा घडवून घेतला. चार महिने तो तिथं असतो, मग परसात जातो. पाहायला साधी गोष्ट आहे, पण मला विचाराल तर या इमारतीतली सगळ्यात हुशार दुरुस्ती हीच.

हॉटेल नेमकं किती जुनं याचा कागद घरात नाही. मात्र भिंतच थोडीशी साक्ष देते. गल्ल्यामागच्या भिंतीवरचे रंगाचे थर काही वर्षांपूर्वी खरवडले तेव्हा आतून रंगवलेली दरांची पाटी निघाली. अक्षरं देवनागरी, वळणदार, निळीतली. चहा, भाजी, शिरा, आणि पुढं दर तांगांत. पोर्तुगीज अमलात सोळा तांगांचा एक रुपया होता. १९५८ साली ते चलन जाऊन एस्कुदो आला, सहा एस्कुदोंना एक रुपया या हिशेबानं. मग १९६१ चा डिसेंबर आला, गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया सुरू झाला. म्हणजे पाटी १९५८ च्या आधीची, आणि ज्या गिलाव्यावर ती रंगवली तो तिच्याहीपेक्षा जुना. मालकांनी पाटीवर पुन्हा रंग भरला नाही. जेवढी उरली तेवढी तशीच ठेवली आणि पुढं काचही लावली नाही, त्यामुळं भिंतीचा तेवढा भाग श्वास घेऊ शकतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. काचेमागं बाष्प धरतं हे त्यांनी देवाच्या तसबिरींवरून ओळखलं होतं.

हॉटेल याच रस्त्यावर का उभं राहिलं, हेही कळण्यासारखं आहे. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून इकडे आणला गेला. पोर्तुगीजांच्या हद्दीतली दैवतं ज्या काळात खाडीपलीकडे हलवली गेली त्याच काळात म्हाळसाही वेर्ण्याहून आली. फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला तो १७६३ मध्ये, त्याआधी इथं त्यांची सत्ता नव्हती. त्यामुळं कुळावी लोकांची, म्हणजे कुलदैवताच्या भक्तांची, ये-जा या वाटेनं सतत राहिली. पूर्वी पायी आणि गाडीबैलानं येत, पुढं प्रवासी गाड्यांनी येऊ लागले. देवदर्शन उपाशीपोटी करायचं आणि मग काहीतरी गरम खायचं, अशा माणसांसाठी हे हॉटेल निघालं. म्हणून ते पहिल्यापासून शाकाहारी आहे आणि म्हणूनच परसात विहिरीजवळ हातपाय धुवायची मोठी मोरी आहे. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय पॅराशूट ब्रिगेडची तुकडी बाणस्तारीच्याच बाजूनं पणजीकडे सरकली. त्या दिवशी फळ्या काढल्या नव्हत्या, पण मागच्या दारानं चहाच्या किटल्या बाहेर गेल्या, असं मालकांच्या आई सांगतात.

त्याआधीची नाकेबंदीची वर्षं या इमारतीत पायाखाली आहेत. १९५५ पासून भारतातून माल येणं थांबलं तेव्हा गोव्यात बटाटे हॉलंडहून येत, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. आतल्या खोलीचा लाल कोबा त्याच काळातला आणि त्यातलं सिमेंट जपानी, असं घरात सांगतात. कोबा मी निरखून पाहिला आहे. कोपऱ्यात एक केसाएवढी चीर आहे, बाकी सगळा अखंड. रोज ओल्या फडक्यानं आणि महिन्यातून एकदा खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसून त्याला जी झळाळी आली आहे, ती कुठल्याही टाइलला येणार नाही. आणि हो, हॉलंडच्या बटाट्याची सुकी भाजी चिकट व्हायची, असंही आईंनी सांगितलं. त्यांना तो बटाटा कधीच आवडला नाही.

छप्पर पाहायला मान वर करा. खाली छत मारलेलं नाही, त्यामुळं आढं, वासे, रीप, कौलं सगळं उघडं दिसतं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि या खाचेच्या कौलांनी पुढं सारी कोकणपट्टी छावून टाकली. इथल्या कौलांच्या पोटावर निरनिराळ्या कारखान्यांचे शिक्के आहेत, कारण फुटलेलं कौल दरवर्षी पावसाआधी बदललं जातं आणि मिळेल तिथून जुनंच आणलं जातं. मधूनमधून काचेची कौलं आहेत, त्यांचा उजेड थेट चुलीवर आणि वाढपाच्या फळीवर पडतो. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, म्हणून मे महिन्यात भर दुपारी चूल पेटलेली असताना सुद्धा आत बसता येतं. वासे माट्टीच्या लाकडाचे आहेत. स्वयंपाकघरातले काळेभोर झालेत, पण त्यांना एकही भोक नाही. धुरानं लाकडाला कीड लागत नाही हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. पुढं गॅस आला तेव्हा दोन वर्षांत बाहेरच्या खोलीतल्या वाशांवर भुंगा दिसायला लागला. मालकांनी वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावून घेतलं आणि एक चूल लाकडावरच ठेवली. त्या चुलीवर वाटाणे शिजतात.

मागच्या भिंतीची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती घरोघरी उपयोगी पडेल. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्या हवेत घट्ट होत जातो, आणि त्याच्या पोटात असंख्य पोकळ्या असतात. तो पाणी पितो आणि सोडतो. त्याला चुन्याचा गिलावा चालतो, कारण चुनाही ओल बाहेर जाऊ देतो. एका ठेकेदारानं या भिंतीला बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा मारून दिला होता. दिसायला चकचकीत होता, पण आत शिरलेलं पाणी आतच अडकलं. तिसऱ्या पावसाळ्याला आतल्या बाजूनं मीठ फुटायला लागलं आणि चिरा बोटानं भुरभुर पडू लागला. मालकांनी सगळा गिलावा काढून टाकला आणि (इथं मला त्यांचं फार कौतुक वाटतं) लगेच नवा मारला नाही. भिंत उघडी ठेवली, पावसात वरून झावळ्यांचं कूड लावलं, आणि पूर्ण सुकेपर्यंत थांबले. मग शिंपल्यांचा चुना भिजवून, मुरवून, गुळाचं पाणी घालून, पातळ थरांत गिलावा झाला. वर चुन्यातच पिवळी माती मिसळून हात दिला. आज त्या भिंतीला हात लावला तर ती कोरडी, थंड लागते. ज्या गवंड्यानं हे केलं तो आता म्हातारा झाला आहे. त्याच्याकडून हे शिकायला चार तरुण मुलं मिळाली तर किती घरं वाचतील!

फॅमिली रूम आतल्या अंगाला, लाकडी पडदीच्या मागं. तिथल्या पश्चिमेच्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत. पातळ चपटे शिंपले चौकोनी कापून लाकडी जाळीत बसवलेले. उजेड आत येतो, ऊन येत नाही. हे शिंपले जुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या उपसागरात अजून वाढतात, पण आता वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. फुटलेल्या तीन चौकोनांत म्हणूनच पांढरी काच बसवली आहे. ती ओळखू येते, आणि तशी येऊ दिली हे योग्यच केलं. संगमरवरी टेबलं मात्र डागाळली आहेत. सोलकढी सांडली की तिच्या आंबटानं संगमरवर खाल्ला जातो, हळद त्यात उतरते. त्याला इलाज नाही आणि टेबलं वापरायची तर ते चालायचंच.

माझा भाऊ अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला राहतो. त्याच्याकडे गेले असताना त्यानं मला जवळच्या पॉटकेट गावातलं मॉडर्न डायनर दाखवलं. रस्त्याकडेच्या खाणावळींची ही जात प्रॉव्हिडन्समध्येच जन्मली. १८७२ मध्ये वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसानं प्रॉव्हिडन्समध्ये एका वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर घोड्याची गाडी लावून रात्रपाळीच्या लोकांना खायला विकायला सुरुवात केली. पुढं अशा गाड्या आणि मग आख्खी उपाहारगृहं कारखान्यांत तयार होऊन जागेवर पोचवली जाऊ लागली. वुस्टरचा एक कारखाना १९०६ पासून १९५७ पर्यंत हेच बनवत होता. मॉडर्न डायनर स्टर्लिंग स्ट्रीमलायनर जातीचं, आगगाडीच्या इंजिनासारखं एका टोकाला निमुळतं, लाल आणि पिवळसर रंगाचं. अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत १९७८ साली दाखल झालेलं ते पहिलं डायनर. मूळ जागेवरून हलवून ते आजच्या जागी ठेवलं आहे आणि तिथं लोक अजून रांग लावून नाश्ता करतात. मला ते अतिशय आवडलं. गल्ल्यापुढच्या फिरत्या स्टुलावर बसून मी छताच्या वळणाची जोडणी पाहत राहिले.

पण ते डायनर वाचू शकलं, कारण ते मुळात उचलून नेता यावं असंच बनवलेलं होतं. आमचं हॉटेल शेजारच्या डोंगरातल्या चिऱ्यांचं आहे. ते ज्या जमिनीवर उभं आहे तिथून हलवायचं म्हणजे पाडायचं. भोममध्ये चौपदरी रस्त्याविरुद्ध लोक बाह्यवळण मागत उभे राहिले ते घरं आणि देवळं जाऊ नयेत म्हणून. त्या मागणीचं वजन मला या पडवीत बसल्यावर कळतं. रस्ता हवा, मी स्वतः रोज त्यावरून जाते आणि कुंडईच्या चढावर अवजड ट्रकांमागं अडकते. पण मोजणीच्या नकाशात अशी पडवी नुसता एक चौकोन असते. जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत देवळं, चर्च आणि मोठे वाडे येतात. रस्त्याकडेची हॉटेलं, पदेरांच्या (पाव भाजणाऱ्यांच्या) भट्ट्या, गिरण्या यांची नोंद कुणीतरी आताच करायला हवी, मोजमापं घेऊन, फोटो काढून. मी या हॉटेलचा आराखडा काढून मालकांना दिला आहे आणि एक प्रत पंचायतीत द्यायला सांगितली आहे.

आता खाणं. पातळ भाजी पांढऱ्या वाटाण्यांची, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाची, वर पिवळ्या बटाट्याच्या सुक्या भाजीचा एक डाव घातला की मिक्स. इथं मिक्सच मागा. वाटण रोज सकाळी वहिनी स्वतः घालतात. मिरी आणि बडीशेप हाताला लागेल इतकी स्पष्ट, तिखट बेताचं. चुलीवर शिजल्यामुळं वाटाणा आतून पिठूळ होतो पण साल सुटत नाही, हे गॅसवरच्या कुकरला जमत नाही. गुरुवारी आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोनाक, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाची उसळ, असतं. ते चुकवू नका. पाव म्हार्दोळच्या बाजूचा पदेर सायकलवरून सकाळी आणि पुन्हा दुपारी आणून देतो. उंडा घ्या, वरून कडक आणि आतून ओढला तर तुटेल असा. पोयी (कोंड्याचा पाव) हवी असेल तर आठच्या आत पोचा. बन केळ्याचे, जिऱ्याचे, तेल न धरलेले. मिरची भजी चार वाजता निघतात, मिरचीच्या पोटात मीठ-ओव्याची पूड भरलेली असते. शिरा मला थोडा गोड वाटतो, पण सोमवारी उपासाहून उठलेली माणसं तोच मागून खातात. चहा कडक. "चा कडक जाय मू?" असं विचारतात खरं, पण साधा मागितला तरी कडकच येतो.

मी गेले तेव्हा मिक्स भाजी चाळीस रुपये, पाव पाच, बन वीस, चहा पंधरा. वाढपी दोघंच, त्यामुळं रविवारी दहाच्या सुमारास थांबावं लागतं.

काही गोष्टी मालकांना तोंडावर सांगितल्या आहेत, इथंही लिहिते. दर्शनी बाजूला एका थंड पेयाच्या कंपनीचा फ्लेक्स लागला आहे. त्यानं दोन झरोके झाकले आहेत. तो काढावा, किंवा निदान पडवीच्या बाजूच्या भिंतीवर न्यावा. आतल्या पांढऱ्या ट्यूबलाइट डोळ्यांवर येतात आणि लाकडाचा रंग मारतात. स्वच्छतागृह परसात आहे, स्वच्छ आहे, पण वाटेवर दोन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. माझ्या आईला तिथं हात द्यावा लागतो. एक लोखंडी कठडा पुरे. आणि पावसाळ्यात गटारावर टाकलेल्या फळीवरून जाताना घसरायला होतं.

गाडी रस्त्यावर लावू नका. हॉटेलच्या अलीकडे वडाखाली पाच-सहा गाड्यांची जागा आहे, तिथं लावून चालत या. सकाळी सहा ते एक आणि दुपारी साडेतीन ते साडेसात उघडं असतं. बुधवारी दुपारनंतर बंद. गल्ल्यावर क्यूआर कोड आहे, पण सुटे दिले तर मालकांना बरं वाटतं. जागा मिळाली तर आतल्या खोलीत, गल्ल्यासमोरच्या टेबलावर बसा. तिथून तांगांच्या दरांची पाटी वाचता येते.